इलीन काही बोलली नाही

पासली, ता. वेल्हे
फाल्गुन, बुधवार

प्रिय सोनियावहिनी,

घरात सगळ्यांदेखत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि चुलीपुढं आपण दोघीच असलो की 'तू'. हे पत्र कुठल्या जागी बसून लिहायचं, हे ठरवण्यातच माझे दोन दिवस गेले. पहिला कागद 'तुम्ही'नं सुरू केला होता. वाचून बघितला तर तहसील कचेरीतून आल्यासारखा वाटला, म्हणून फाडला. आता 'तू' लिहिते आहे. तो हक्क मला उरला आहे की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तू ठरव.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. तुझा नवा नंबर माझ्याकडं आहे. माझ्या कॉलेजातली पिंकी, जी भोरला तुझ्याकडं साड्यांना फॉल लावून घ्यायला येते, तिनं दिला. पण फोनवर मी रडले असते, तू 'असू दे गं सुला' म्हणाली असतीस आणि मी तेवढ्यावर सुटले असते. तू तशीच आहेस. म्हणून लिहिते आहे. कागदावर मला मध्येच कुणी 'असू दे' म्हणणार नाही.

इकडं रोपासाठी राब भाजायची तयारी झाली आहे. झाडांच्या डहाळ्यांची कवळ तोडून झाली, शेण पसरलं, वर पालापाचोळा आणि मातीचा थर दिला. यंदा भाताचं रोप वरच्या खाचरात टाकायचं नाही, खाली ओढ्याकडच्या तुकड्यात टाकायचं ठरलं आहे, गोठ्यापासून लांब. गोठा नवा झाला, पत्र्याचा. त्यात धनाजीकाकांनी दिलेली एक गाय आहे. ती अजून आपली वाटत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही. आईच्या हातांवर कातडी धरली आहे, पण डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नाहीत. भाकरी मी थापते. माझ्या भाकरीला अजून कडेनं चिरा जातात. आई ती मोडून खाते, बोलत काही नाही. पूर्वी बोलायची ते बरं होतं.

गेल्या वैशाखात वेल्ह्याच्या स्टँडवर तुला गाडीत बसवायला मी आले होते. 'चार दिवस माहेरी जाऊन ये' असं घरातून तुला सांगितलं होतं, आणि ते चार दिवस म्हणजे चार दिवस नाहीत हे तुलाही कळलं होतं आणि मलाही. आमच्यातलं कुणी न्यायला आल्याशिवाय तू परत यायची नाहीस, आणि न्यायला कुणी येणार नाही. तू खिडकीत बसलीस, पिशवी मांडीवर घेतलीस. मला वाटलं, आता तू मला काहीतरी विचारशील. मी खिडकीची कड धरून त्याचीच वाट बघत होते. कंडक्टरनं बेल मारली तेव्हा तू खिडकीतून वाकून म्हणालीस, "ती बाई वाचती का न्हाई, तेवढं कळव गं." एवढंच. गाडी गेली. दहा महिने झाले, मी तेवढंही कळवलं नाही.

ती बाई म्हणजे व्हेसना. तुला आठवत असेलच, पण मी पहिल्यापासून सांगते. मला अनुवादाचं काम मिळालं ते दसऱ्याला. मूळ जपानी कादंबरी, ती कुणीतरी इंग्रजीत आणलेली, आणि त्या इंग्रजीवरून मी मराठीत करायची. पुण्यातले लोक मोबाईलवर वाचायच्या गोष्टी काढतात, त्यांच्यासाठी, पंधरवड्याला एक अध्याय. गावात मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं, कारण कसं सांगणार? शहरातली एक मुलगी हापिसात जागरणं करून करून टेबलावरच मरते, आणि डोळे उघडते तर तिनं वाचलेल्याच एका गोष्टीत तिचा जन्म झालेला असतो. आकाशात फिरणाऱ्या जहाजांचा एक ताफा, त्यात राजघराणी, त्यात मेजवान्या. आणि जन्म मिळाला तो गोड नायिकेचा नाही, तर गोष्टीतल्या दुष्ट बाईचा, व्हेसनाचा. तिला पुढचं सगळं माहीत आहे. भर मेजवानीत आपले अपराध वाचून दाखवणार आणि एका लहानशा यानात कोंबून आपल्याला बर्फाच्या चंद्रावर सोडून देणार.

तू भाकऱ्या थापत असायचीस, मी पाटावर बसून वही वाचायचे. पहिला अध्याय ऐकून तू म्हणालीस, "आपल्याकडं मेल्यावर किडामुंगीचा जन्म मिळतो म्हनत्यात, हिला सरदारनीचा मिळाला, अन वर ही रडती!" मी हसले तर तू पिठाचा हात माझ्या नाकाला लावलास. जहाजातल्या शेताचं वर्णन आलं, माती नाही, नुसत्या पाण्यात मुळं सोडलेली, तेव्हा तू परात सरकवून ठेवून विचारलंस, "माती न्हाई तर मग राब कुठं भाजत्यात ती लोकं?" मी तो प्रश्न वहीच्या कडेला लिहून ठेवला. व्हेसना आपल्या वनवासाची आधीच तयारी करायला लागते, चोरून पंप दुरुस्त करायला शिकते, तो अध्याय तुला सगळ्यात आवडला होता. तू दोनदा वाचून घेतलास. आणि एकदा तू विचारलंस की त्या चंद्रावर सोडल्यावर तिचं पुढं काय होतं. मी सांगितलं, त्या मुलीनं वाचलेल्या मूळ गोष्टीत ते लिहिलेलंच नाही, त्या मुलीलाही ते ठाऊक नाही. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "म्हंजी बाईला भाईर काढली की गोष्ट संपली व्हय?"

मी पुढचे अध्याय इंग्रजीत वाचले होते. तुला सांगू का, असं विचारलं तर तू कानावर हात ठेवलेस. शेवट आधी सांगायचा नाही, हा तुझा नियम.

नियमावरून आबांचं आठवलं. शाळेच्या आधी माझे मास्तर म्हणजे माझे वडीलच; आबांनीच मला वाचायला शिकवलं, हे तुला ठाऊक आहे. सुपात तांदूळ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढायला लावायचे. वाडीतले लोक नोटिसा, पत्रं घेऊन आबांकडं यायचे. मला जरा वाचता यायला लागलं तसं आबा मला पुढं बसवायचे. वाचताना एखाद्याला वाईट वाटेल म्हणून मी शब्द गाळला की टपली बसायची. 'लिहिलंय तेवढं वाचायचं. पदरचं घालायचं न्हाई, अन पदराआड काय ठेवायचं न्हाई.' पाच-सहा वर्षांची असेन मी. अजून अनुवाद करताना एखादं विशेषण जास्तीचं पडलं तर माझ्या डोक्यावर हात जातो. त्या नियमाची पहिली अर्धी बाजू मी आयुष्यभर पाळली. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मी हे पत्र लिहिते आहे.

आता त्या दिवसाचं लिहिते. वेळा लिहिते, कारण त्या माझ्या फोनमध्ये आहेत आणि मी त्या कधी पुसल्या नाहीत.

काडी घरातल्या थोरल्या माणसानं लावायची असते. पण आबा सातबाऱ्याच्या कामाला वेल्ह्याला गेले होते आणि अमृतदादा शिरवळला पहिल्या पाळीला. आईच तुला म्हणाली, "लाव काडी सूनबाई, ऊन चढायच्या आत व्हऊ दे." तू वाऱ्याची बाजू बघितलीस, उलट अंगानं काडी लावलीस, सगळं रीतसर केलंस. ज्वाळ उठलीच तर झोडपून विझवायला करंजाची ओली डहाळी हातात घेऊन तू दोन तास उभी होतीस. राब धुमसत होता, ज्वाळ नव्हतीच. मग आईनं घरातून हाक मारली की पाणी संपलं. तू माझ्याकडं आलीस आणि डहाळी माझ्या हातात दिलीस. "धर गं, दोन हंडे आनते. हलू नगंस." मी धरली. त्या डहाळीचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं मी म्हणू शकत नाही. ती ज्याच्या हातात, राखण त्याची. जायचं झालं तर दुसऱ्याच्या हातात द्यायची, खाली ठेवायची नाही. हे मी चालायला लागल्यापासून बघत आले आहे.

चौदावा अध्याय त्या दिवशी बारापर्यंत पाठवायचा होता. आपल्या वाडीला रेंज नाही, ती म्हसोबाच्या टेपाडावर येते. तिथं चढायला सात-आठ मिनिटं. मी राबाकडं बघितलं. नुसता धूर होता, कडेकडेनं तर राख पांढरी पडली होती. मला वाटलं, जाऊन येईपर्यंत काही होत नाही. मी डहाळी बांधावरच्या दगडाला टेकवून ठेवली. जपून ठेवली, वहिनी, मातीत पडू नये म्हणून. हे आठवलं की मला माझीच किळस येते. टेपाडावर पोचले तेव्हा अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. अध्याय जायला वेळ लागत होता, गोल फिरत होता, दोनदा अडकला. मी पाठ करून उभी होते, कारण ऊन पडद्यावर येत होतं. अकरा बावीसला 'मिळाला' असं उमटलं. मी वळले. वारा सुटला आहे हे मला तेव्हा कळलं, ओढणी तोंडावर आली म्हणून. आणि मग गोठ्याच्या कुडाकडनं धूर दिसला, काळा. राबाचा धूर काळा नसतो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हंडे टाकून तू धावलीस ते मी वरून बघितलं. मी पोचले तेव्हा आई आत शिरली होती, दावं सोडायला. दावं गाठीला आवळलं होतं. गाय आणि तिचं वासरू, दोन्ही आतच राहिली. तू आईला मागून कंबरेला धरून ओढून काढलंस. मी काय करत होते? मी हातात फोन धरून उभी होते. खरं तेच लिहिते.

त्या दिवशी आबा आईला घेऊन दवाखान्यात गेले. दादा कंपनीतून थेट आला, धनाजीकाका होते, पडवीत माणसं जमली. तू उंबऱ्यात बसली होतीस, पदर जळालेला तसाच. दादानं विचारलं, "काडी कुणी लावली?" तू खाली बघत होतीस. कुणीच बोलेना तेव्हा त्यानं मला विचारलं, "सुले, तू व्हतीस ना हितं? काडी कुणी लावली सांग." आणि मी म्हणाले, "वहिनींनी."

वहिनी, ते खरं होतं. दहा महिने मी स्वतःला हेच सांगत आले की मी खोटं बोलले नाही. जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं, वर एक शब्द घातला नाही. दादा इतकी वर्षं कंपनीत, त्याला राबाचं नीट विचारता आलं नाही. शेतात राहणाऱ्या माणसानं काडीचं नसतं विचारलं, डहाळी कुणाच्या हातात होती ते विचारलं असतं. तसं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटायचं. आता तेही वाटत नाही.

तू मान वर केलीस आणि एकदा माझ्याकडं बघितलंस. दगडाला टेकवलेली डहाळी तू येताना बघितली असणार, ती तुझ्या वाटेवरच होती. तुला ठाऊक होतं. मी वाट बघितली. तू परत खाली बघितलंस, आणि काका म्हणाले, "पाय लागला अन गोठा गेला." त्यानंतर लोकांनी काय काय नावं ठेवली ती मी इथं लिहीत नाही. ती ऐकून तू स्वयंपाकघरात यायचीस आणि पीठ मळायचीस. तू का बोलली नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटतं मला ठाऊक आहे. फोनपायी झालं हे कळलं असतं तर माझं काम त्याच दिवशी बंद झालं असतं आणि वर्षाच्या आत मला उजवून टाकलं असतं. पण हा माझा अंदाज आहे. तो तुझ्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही.

श्रावणात मेजवानीचा अध्याय आला, एकविसावा. मी तो तीनदा मराठीत केला आणि तीनदा खोडला. दरबार भरलेला आहे, राजपुत्र व्हेसनाचे अपराध वाचून दाखवतो आहे. वीस अध्याय तिनं जपून जपून पावलं टाकली, कुणाच्या वाटेला गेली नाही, तरी यादी तयारच आहे. गंमत म्हणजे यादीतली एकेक गोष्ट घडलेली आहे. ती त्या जागी होती, ते दार तिनंच उघडलं होतं, ते पत्र तिच्याच हातचं होतं. खोटं काहीच नाही. फक्त का आणि कुणासाठी, हे कुणी विचारत नाही. आणि राजपुत्राच्या शेजारी इलीन उभी आहे. इलीन म्हणजे ती गोड मुलगी, नायिका, हळू बोलणारी, सगळ्यांची लाडकी. तिला सगळं ठाऊक आहे. इंग्रजीत तिच्या वाट्याला त्या पानभर प्रसंगात एकच ओळ आहे. मी लिहिली, 'इलीन काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.' लिहिलंय तेवढंच. अध्याय गेल्यावर खाली वाचणाऱ्यांनी लिहिलेलं दिसतं. एकीनं लिहिलं होतं, 'इलीन किती हळवी आहे ना, ती रडली तेव्हा मीसुद्धा रडले.' शंभरावर लोकांना ते पटलं होतं. मी टेपाडावर उभी राहून ते वाचत होते. त्या दिवशी पाठ करून उभी होते, त्याच जागी. तोवर मी ते पुस्तक वाचताना स्वतःला व्हेसना समजत होते, वहिनी. वाचणारी प्रत्येकच जण समजत असेल. खाली आपलं खाचर दिसत होतं, लावणी झालेलं, हिरवं. रोप धनाजीकाकांकडनं मागून आणलेलं होतं, कारण आपला राब त्या दिवशी तुडवून विझवला होता.

त्यानंतर दोनदा मी भोरला आले. हे तुला ठाऊक नाही. पहिल्यांदा गणपतीनंतर. वेल्ह्याहून नसरापूर, तिथून दुसरी गाडी. डेपोत गाडी लागली, लोक उतरले, मी बसून राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, भोर आलं की." मी म्हणाले, चुकून बसले. त्याच गाडीनं परत. दुसऱ्यांदा मार्गशीर्षात, तेव्हा तू दिसलीस. रस्त्याच्या पलीकडं दुकानाच्या पायरीवर उभी होतीस, गळ्यात टेप, हातात कुणाची तरी जांभळी साडी, आणि त्या बाईशी हुज्जत घालत होतीस. तू हसत होतीस. मी स्वतःला म्हणाले, बघ, तिचं बरं चाललं आहे, आता कशाला जुनं काढायचं. किती सोयीचं वाटलं मला ते. तेव्हाही मी उतरले नाही.

आता गेल्या पंधरवड्यातलं. दादाला दुसरं स्थळ बघितलं आहे. मी नाव लिहीत नाही, त्या मुलीचा यात काही दोष नाही. त्याआधी तुमची फारकत कागदावर व्हावी म्हणून काकांनी वकिलाकडून मजकूर आणला, खाडाखोडीचा. घरात अक्षर चांगलं माझं. काका म्हणाले, "सुलक्षणे, नीट उतरून काढ, शाई फुटू देऊ नगंस." मी पडवीत बसले. वरचं सगळं उतरवलं, नावं, गावं, लग्नाची तारीख. मग वाक्य आलं : 'सदर सोनिया हिने राब पेटवून तो तसाच सोडून निघून गेल्यामुळे गोठा जळून जनावरे दगावली व सासूस कायमची इजा झाली.' मी 'सदर सोनिया हिने राब पेटवून' इथपर्यंत आले. पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. शाई फुटली.

मी दुसरा कागद घेतला आणि जे झालं ते लिहिलं. तू काडी लावलीस, आईच्या सांगण्यावरून. डहाळी माझ्या हातात दिलीस. मी ती बांधावर ठेवली. अकरा नऊ, अकरा बावीस. तेवीस ओळी झाल्या. खाली सही केली. दोन्ही कागद आबांच्या हातात दिले, कारण मोठ्यानं वाचण्याचं धैर्य मला नव्हतं. आबांनी चष्मा लावला, मनात वाचलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. मी वाट बघत राहिले की आता मारतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी काका कागद न्यायला आले. दादाची सुट्टी होती. आई भिंतीला टेकून बसली होती. आबांनी माझा कागद काढला आणि नोटीस वाचतात त्या आवाजात वाचायला सुरुवात केली. तो आवाज तू ऐकला आहेस, चढ नाही, उतार नाही. एकही शब्द गाळला नाही. 'मी हातात फोन धरून उभी होते' हेही वाचलं, जसं कुणा परक्या माणसाचं असावं तसं. खाली माझं नाव वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "हितनं पुढं लिहिलेलं न्हाई, पदरचं सांगतो." वहिनी, माझ्या उभ्या जन्मात आबांनी कागदाला पदरचं जोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी सकाळी म्या बांधावर गेलो. डहाळी व्हती तितं, दगडाला टेकवलेली. पान जळलं नव्हतं. सून असती तर तिनं ती आपटून आपटून मोडली असती. म्या वळखलं. अन डहाळी वढ्यात टाकली. पोरीचं नाव नगं निघाया म्हून."

काकाच आधी बोलले, "आता हे उकरून काय उपेग? जनावरं काय परत येनार हैत का?" दादाचा कप हातात तसाच. तो म्हणाला, "मग ती का बोलली न्हाई? इतके दीस गप का बसली?" बघ, तुझ्या गप्प बसण्याचाही दोष तुलाच. मी म्हणाले, "ती माझ्यासाठी गप्प बसली दादा, मी माझ्यासाठी." तो उठला आणि चपला न घालता बाहेर गेला. आई आपल्या हातांकडं बघत होती. माझ्याकडं तिनं त्या दिवशी बघितलं नाही, अजूनही बघत नाही. मी भाकरी वाढते, ती ताट ओढून घेते.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की काहीतरी बदलेल. स्थळ मोडलेलं नाही. कागदातलं तेवढं वाक्य काढलं आणि त्या जागी 'उभयतांचे पटत नसल्याने' असं घातलं. उतरून काढायला या वेळी मला दिलं नाही. दादा कामावर जातो, येतो. आबा राबाकडं फिरकले नाहीत. काल आई पहिल्यांदा बोलली, तेही आबांशी. तिनं शाईचा पॅड मागितला. माझ्या कागदावर आबांनी आपलं पदरचं खाली लिहून सही केली होती, त्याच्याखाली तिला अंगठा द्यायचा होता. 'काडी लाव म्या सांगितलं, ते बी लिव्हा,' म्हणाली. आबांनी लिहिलं. अंगठा डाव्या हाताचा देतात. तिचा डावा उमटत नाही, नुसता काळा गोळा पडतो. दोनदा करून बघितलं. मग उजवा दिला.

तर हे पत्र का, ते आता. सोमवारी तुला भोरला वकिलाकडं बोलावणार आहेत, सहीसाठी. कागदात तुझ्याविरुद्ध एक अक्षर नाही, म्हणून तू लाजेनं, नाहीतर घाईनं, नाहीतर परत एकदा माझ्यासाठी सही करून टाकशील, याची मला भीती वाटते. सही करायची की नाही, हे तुझं तू ठरव. या घरात परत ये असं म्हणायला माझं तोंड नाही, आणि तू यावंस असं हे घर आहे का, हेही मला सांगता येत नाही. पण पासलीत, तुझ्या माहेरी आंबवण्यात, भोरच्या तुझ्या गल्लीत तुझं नाव जे झालं आहे ते खोट्यावर झालं आहे, आणि त्याचा कागद तुझ्या हातात असायला हवा. तो सोबत ठेवला आहे, तीन माणसांचा, माझी सही, आबांची सही, आईचा उजवा अंगठा. कुणाला दाखवायचा, किती मोठ्यानं वाचायचा, का चुलीत घालायचा, ते तुझ्या हातात. डहाळी तुझ्या हातात परत देते आहे असं म्हणणार होते, पण नको, ती मी खाली ठेवली होती, ती परत देता येत नाही. आणि तू विचारलं होतंस ते. शेवटचा अध्याय या आठवड्यात द्यायचा आहे, अजून मराठीत केलेला नाही. ती वाचते की नाही, हे मी इथं लिहिणार नाही, तुझा नियम आहे. सोमवारी मी वही घेऊन येते. बस म्हणालीस तर पायरीवर बसून वाचून दाखवीन, नाही म्हणालीस तर वही ठेवून जाईन. पण आधी वकिलाकडं तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि कुणी अर्धंच विचारलं तरी सगळं सांगीन. वेल्ह्याची पहिली गाडी धरली की साडेदहाच्या सुमाराला भोरच्या डेपोत पोचते. या वेळी मी उतरेन.

तुझीच,
सुला